किती दिवे

केमियार्वीत डिसेंबरला सूर्य उगवत नाही,
उगवल्याची अफवा येते, दुपारी बाराच्या सुमाराला,
निळसर.
तेव्हा माझं दुकान चालतं.
कॅसेटी गेल्या, डीव्हीडी आल्या, त्याही आता निघाल्यात,
मी अजून गल्ल्यापाशी, लोकरी मोजे घालून,
भयपटांच्या फळीला पाठ लावून.

तारे मी देत नाही. तारे बाहेर पुष्कळ आहेत.
मी दिवे देते.
बघून झाल्यावर घरात किती दिवे जळते ठेवलेत, एवढंच विचारते
आणि डबीच्या पाठीवर पेन्सिलीनं लिहिते.
एक : स्वयंपाकघरातला. जेवताजेवता बघा.
तीन : जिन्यासकट.
शून्य म्हणजे टाकाऊ, उगाच वेळ घालवू नका.
"सगळे, आणि लाकडांच्या खोपटातलासुद्धा"
हे एकदाच लिहिलंय, हिल्क्काच्या सांगण्यावरून,
आणि हिल्क्का अस्वलांच्या वाटेवर एकटी बोरं वेचते.

रक्ताला माझ्याकडे भाव नाही.
बादलीभर रक्त म्हणजे रंगाऱ्याचं बिल.
दचकवायला काय, मांजरही दचकवतं.
भीती म्हणजे
खुर्ची होती तिथेच आहे
आणि तरी तुम्ही तिच्याकडे दुसऱ्यांदा बघता.

हा न्या, हिरव्या डबीतला.
पहिला तास काही म्हणजे काही होत नाही.
एक बाई पडदे धुते, तळ्याकाठी वाळत घालते.
मोजत राहा. धुतले सहा.
दोरीवर सात.
लोक परत येऊन भांडतात, काही घडतच नाही म्हणून.
मी विचारते, दिवे?
मग ते बुटांवरचा बर्फ बघत बसतात.

ज्यात सौनाच्या वरच्या बाकावर
आधीच कुणीतरी बसलेलं असतं,
तो मी कुणालाच देत नाही.
मला याच गावात म्हातारं व्हायचंय.

फेब्रुवारीत अर्मास आला. रस्त्यावरचा बर्फ लोटणारा.
सिनेमांचं वेड त्याच्या बायकोला, साल्मेला;
ती निवडायची, हा बाहेर गाडीत इंजिन चालू ठेवून बसायचा,
घरी बघताना उशी तोंडावर.
शरदात ती गेली.
टोपी काढून म्हणाला, भुताचा द्या.
मग बराच वेळ काही नाही.
मग म्हणाला,
ज्यात भूत जात नाही असा.

एकतीस वर्षं ही फळी मला तोंडपाठ,
तरी मी वळून एकेक डबी काढली.
यात पाद्री येतो. यात घर जळतं.
यात विहिरीत हाडं सापडतात, नीट पुरली जातात,
आणि ती पोर हसून उजेडात विरते, मागे व्हायोलिन.
यात आई स्वतःच सांगते, आता मला जाऊ दे.
दरवेळी सगळे सुटकेचा श्वास टाकतात.
मीही टाकला होता. शिफारसही केली होती,
शेवट समाधानकारक, असं माझ्याच अक्षरात.

शेवटी एक जुनी कॅसेट दिली, आमच्याच भाषेतली,
ज्यातलं भूत रोज रात्री कप विसळून
उपडा घालून ठेवतं, बाकी काही करत नाही.
पाठीवर लिहिलं :
एक तास अकरा मिनिटांनी बंद करा.
पुढे बघू नका. अर्मास, पुढे बघायचं नाही.

अजून परत आली नाही. दंड मी मोजत नाही.
रात्री दुकान लावून घरी जाते
त्यानेच साफ केलेल्या रस्त्यानं.
त्याच्या घरात एकही दिवा नसतो,
फक्त खिडकीत टीव्हीचा निळा,
एकाच चित्रावर थांबलेला, जरासा थरथरत.

डबी आलीच कधी, तर पाठीवर शून्य लिहावं लागेल.
पण लोक त्याचा
भलताच अर्थ घेतील.